पलंग उन्हात कोणी नेला?

आई बरी होऊन घरी आली आणि आमच्या घरातली शांतता आजारी पडली.

आई अतिदक्षता विभागात होती तोवर आम्ही सगळे कसे शहाण्यासारखे वागत होतो. बाहेरच्या बाकावर ओळीने बसायचे, डॉक्टर दिसले की उभे राहायचे, ते गेले की बसायचे. पण घरी आल्यावर पहिल्याच सकाळी तिने उशीला टेकून मला हाक मारली.

"त्या पोरींचं काही केलंस का रे?"

"कुठल्या पोरी?"

"कुठल्या पोरी म्हणे! माझा श्वास उंबऱ्यापर्यंत यायचा आणि तिथूनच माघारी फिरायचा, तेव्हा आत कोण होतं? तू? तू बाहेर बाक झिजवत होतास. आत त्या होत्या. ती कुलूप होती."

कुलूप म्हणजे त्या विभागाची मुख्य सिस्टर. खरे नाव आईला ठाऊक नाही. तोंडावर कायम मास्क आणि वर दोन डोळे, एवढीच आईला ती माहीत. ती बोलायची नाही म्हणून कुलूप. आमची आई बोलण्यासाठी श्वास घेणाऱ्या माणसांपैकी, त्यामुळे न बोलणारे माणूस तिच्या विशेष लक्षात राहते.

आईने तिच्या ज्या दोन गोष्टी सांगितल्या त्या मी इथेच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा अनर्थ त्या दोन गोष्टींतून उगवला. पहिली अशी. आईच्या हातांना जन्मात स्वस्थ बसणे माहीत नाही. पदराची दशी, पोत्याची सुतळी, शेजारणीच्या शालीचा निघालेला धागा, जे सापडेल ते उसवायचे आणि पुन्हा गुंडाळायचे. तेच हात तिथे नळ्या ओढू लागले, म्हणून ते पलंगाला बांधून ठेवले होते. कुलूप आली, बघितले, मुकाट्याने गाठी सोडल्या आणि आईच्या मांडीवर गुंतलेल्या पट्टीच्या कापडाचा ढीग ठेवला. सोडव आणि गुंडाळ. आईने नळ्यांचा नाद सोडला तो कायमचा. दुसरी गोष्ट उन्हाची. आई दिवसेंदिवस खिडकीकडे बघून "ऊन, ऊन" करी. एका सकाळी कुलूपने वॉर्डातल्या मामांना, म्हणजे तिथल्या सेवकाला, खूण केली, आणि दोघांनी मिळून पलंग, सिलिंडर, सलाईनची काठी असा सगळा संसार ढकलत बाहेरच्या व्हरांड्यात, उन्हाच्या पट्ट्यात नेऊन उभा केला. डॉक्टर म्हणतात, औषध लागू पडले. आई म्हणते, ऊन लागू पडले. दोघेही आपापल्या जागी ठाम आहेत.

आईला जुन्या बायकांसारखी दोन-दोन ओळी जुळवायची सवय आहे. त्या उन्हावर तिने तिथेच, नाकात नळी असताना ओवी जुळवली होती:

*उन्हाच्या तुकड्याला, पलंग माझा गं बांधला,*
*पोरीने दारातून, सूर्य ओंजळीने सांडला.*

"तिचे आभार मानून ये," आई म्हणाली. "तोवर मी ते फुंकणार नाही."

'ते' म्हणजे प्लास्टिकच्या तीन गोळ्यांचे यंत्र. फुप्फुसे बळकट व्हावीत म्हणून रुग्णालयाने दिलेले. खरे तर त्याच्या नळीतून श्वास आत ओढायचा असतो, पण आमच्या घरात त्याला फुंकणेच म्हणतात. श्वासाला जोर असेल तशा गोळ्या एकामागून एक वर चढतात. डॉक्टरांनी बजावले होते, हे रोज झालेच पाहिजे. आईने ते उचलून खिडकीत ठेवले आणि पाठ फिरवून झोपली.

आता मी काय साधा माणूस आहे? पाणीपुरवठा कार्यालयात मी मसुदे लिहितो. नळजोडणी तोडण्याच्या सूचनेत लोक रडतील इतकी नेमकी भाषा घालणारा आमच्या खात्यात मी एकटा. माझ्या मसुद्यावर साहेबांची पेन्सिल आजवर टेकलेली नाही. आभार मानणे हे माझ्या डाव्या हाताचे काम होते. पण सुरुवात, सगळे करतात तशी, बिस्किटांनी केली. चांगले चार डबे घेऊन गेलो तर दारावरच्या रखवालदाराने मागच्या पाटीकडे बोट दाखवले. कर्मचाऱ्यांना भेटवस्तू देण्यास सक्त मनाई.

"अहो, पण आभार मानायचेत."

"तोंडी माना की. लेखी माना. शब्दांना मनाई नाही," तो म्हणाला.

त्या माणसाचे माझे काही वैर नव्हते. तरीही हे वाक्य त्याने माझ्याच कानात का टाकावे?

घरी येऊन बिस्किटे आम्ही चहाबरोबर दुःखाने खाल्ली. ती खायला शेजारचे मास्तर आले. मास्तर निवृत्त मुख्याध्यापक. निवृत्तीनंतर वर्ग राहिला नाही म्हणून सबंध इमारतच ते तपासतात. "कागद देऊ नका," ते म्हणाले. "कागद फायलीत जातो. फ्रेम करा. फ्रेम भिंतीवर जाते. आणि तपशील द्या. तपशिलाविना आभार म्हणजे पत्त्याविना पाकीट."

हे मला पटले. पटले म्हणजे काय, माझ्याच मनातले कोणीतरी बाहेरून बोलले.

वरच्या मजल्यावरच्या मावशी म्हणाल्या, "अक्षर मोठं ठेव रे बाबा. माझ्यासारखीला चष्म्यावाचून वाचता आलं पाहिजे." मग अक्षर वाढले. अक्षर वाढले म्हणून कागद वाढला. कागद वाढला म्हणून पाट्या रंगवणाऱ्याकडे गेलो. तो म्हणाला, एवढ्या मजकुराला खाली मोकळी जागा सोडली नाही तर डोळा गुदमरतो. मग मोकळी जागा वाढली. फ्रेमवाला म्हणाला, एवढ्या कागदाला चार बोटांची पट्टी शोभणार नाही. अशा रीतीने जे पत्र खिशातून जायचे होते ते दारातून आडवे काढावे लागले.

बायको पहिल्यापासून एकच सांगत होती. "अहो, चार ओळी लिहा. आभारी आहोत म्हणा, सही करा."

"त्याला मसुदा म्हणत नाहीत," मी म्हणालो.

"मग काय म्हणतात?"

"आळस."

मी लिहिले होते ते असे. पहिल्या परिच्छेदात आजाराचे स्वरूप. दुसऱ्यात, 'बांधलेले हात सिस्टरनी कोणाच्याही आदेशाची वाट न पाहता स्वतःच्या जबाबदारीवर सोडले आणि विभागातील पट्टीचे कापड रुग्णाच्या हाती दिले.' तिसऱ्यात, 'नियमांच्या चौकटीपलीकडे जाऊन सिस्टरनी रुग्णाचा पलंग प्राणवायूसह व्हरांड्यात उन्हात नेला. या वेळी मामांनी चाके धरली.' चाके धरली, हा तपशील माझा. मास्तरांनी तो वाचून "वा!" म्हटले होते. आता विचार केला की तो "वा!" मला दूरच्या घंटेसारखा ऐकू येतो.

फ्रेम कोणत्याही वाहनात मावेना. बायकोने पुढची बाजू धरली, मी मागची, आणि आम्ही चालत निघालो. काच बाहेरच्या बाजूला ठेवली होती, त्यामुळे रस्त्याने आमचा वाचकवर्ग तयार होत गेला. सिग्नलला थांबलो की लोक वाचत. एका दुकानदाराने तर हाक मारून विचारले, "पलंग परत आत नेला का हो?" तो मजकूर खालच्या ओळीत होता, ती माझ्या गुडघ्याआड गेली होती. मी गुडघा बाजूला घेतला. लेखकाला वाचक भेटणे किती दुर्मिळ!

रुग्णालयात फ्रेम लावण्याची परवानगी आहे का, हे कोणालाच ठाऊक नव्हते, कारण असे कोणी आजवर विचारलेच नव्हते. अतिदक्षता विभागाच्या भिंतीत प्राणवायूचे नळ, तिथे खिळा मारायचा नाही. बाहेरची भिंत इमारत शाखेची. इमारत शाखेतले गृहस्थ म्हणाले, "फ्रेमला आमची हरकत नाही. हरकत खिळ्याला आहे."

"मग खिळ्याविना कशी लावू?"

"तो फ्रेमचा प्रश्न आहे. आम्ही खिळा बघतो."

शेवटी एक जागा सापडली. प्रवेशद्वाराजवळच्या दालनात, लिफ्टच्या अगदी समोर, पूर्वी एक घड्याळ होते. ते दुरुस्तीला गेले ते परत आले नाही. खिळा मात्र वाट बघत तिथेच होता. जुन्या खिळ्याला नवी परवानगी लागत नाही, असे निघाले. फ्रेम लागली. लिफ्टची वाट बघणाऱ्या प्रत्येकाला दुसरे काही बघण्यासारखे उरले नाही.

मी घरी येऊन सांगितले. आईने खिडकीतले यंत्र उचलले, नळी तोंडाशी नेली. एक गोळी वर चढली. दुसरी लटपटली, अर्ध्यावर थांबली, मग तीही चढली. तिसरी जागची हलली नाही, पण आई हसली. मला वाटले, संपले. मी त्या आठवड्यात दोनदा काही काम नसताना रुग्णालयात जाऊन लिफ्टजवळ उभा राहिलो. लोक वाचत होते. एक बाई तर वाचता वाचता डोळे पुसत होत्या. त्यांच्या डोळ्यांत औषध घातले होते हे मला नंतर कळले.

मग एके संध्याकाळी दारात मामा उभे. चाके धरणारे. डोक्यावरची टोपी हातात, चेहरा धुऊन वाळत घातल्यासारखा.

"साहेब," ते म्हणाले, "हे काय करून ठेवलंत हो?"

मला वाटले, संकोचले असतील बिचारे. म्हणालो, "अहो, तुमचा उल्लेख करायलाच हवा होता."

"तोच तर! मी चाकं धरली हे मी घरी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं."

झाले होते असे. वरच्या कार्यालयातून तपासणीचे लोक आले. लिफ्ट बंद होती. ती सुरू होईपर्यंत ते माझ्या फ्रेमसमोर उभे राहिले आणि त्यांनी ती वरपासून खालपर्यंत वाचली. शांतपणे. एकाने तर मजकूर वहीत उतरवून घेतला. कोणाच्याही आदेशाची वाट न पाहता. नियमांच्या चौकटीपलीकडे जाऊन. प्राणवायूसह. मामा म्हणाले, इतकी बिनचूक तक्रार आमच्या दुश्मनालासुद्धा जमली नसती.

"आणि सिस्टर?" बायकोने विचारले.

"त्यांना वॉर्डातून काढलं. भांडारात बसवलंय, चादरी मोजायला. चौकशी बसली आहे. त्यात दोष निघाला तर वॉर्ड गेला तो गेलाच." मामांनी टोपी उलटी सुलटी केली. "काही बोलत नाहीत. चादरी मोजतात, घड्या मोडतात, परत घालतात. वॉर्डावाचून त्या बाईंचे हात नुसते तडफडतात हो."

आतल्या खोलीत आईच्या पांघरुणाची सळसळ थांबली. तिला सगळे ऐकू गेले होते. यंत्र पुन्हा खिडकीत गेले.

त्या दिवसापासून मला बसवेना. बसलो की उठावेसे वाटे, उठलो की कुठे जावे कळेना. दुसऱ्याच दिवशी मी रुग्णालयात धावलो आणि म्हणालो, माझी फ्रेम मला परत द्या.

"तुमची?" भांडारातले बाबू म्हणाले. "ती आता आमच्या नोंदवहीत जडवस्तू म्हणून चढली आहे. आवक झाली की आमची. मोडली, कुजली, फुटली तरच बाद करता येते. फुटली आहे का?"

"नाही."

"मग सुदृढ आहे," ते म्हणाले आणि चहा प्यायले.

त्यांच्या मागे, चादरींच्या ढिगापलीकडे, कानामागे मास्कची दोरी अडकवलेली एक बाई पाठमोरी बसली होती. घड्या घालत होती. मी हाक मारणार होतो. पण कुठल्या तोंडाने? माझ्या भाषेचा एक शब्दही त्या वेळी माझ्या कामाला आला नाही. मी मागच्या मागे सटकलो.

घरी बायको म्हणाली, "फोडा."

"कायदा आहे."

"मग झाका."

हे बरे वाटले. सकाळी कार्यालयातून रजा टाकून मी फ्रेमसमोर जाऊन उभा राहिलो. पण माझी अंगकाठी किरकोळ. माझ्या उभे राहण्याने फक्त दुसरा परिच्छेद झाकला जाई. तिसरा, पलंगाचा, माझ्या डाव्या खांद्यावरून डोकावे. मी डावीकडे सरकलो की हात सोडल्याचा परिच्छेद मोकळा. दुपारी बायको डबा घेऊन आली, तिने पिशव्या खाली ठेवल्या आणि तिसऱ्या परिच्छेदासमोर उभी राहिली. नवराबायको इतके खांद्याला खांदा लावून लग्नाच्या फोटोनंतर प्रथमच उभे होतो. रखवालदार येऊन बघून गेला. पुन्हा आला.

"कोणाला भेटायचंय?"

"कोणाला नाही."

"मग उभे का?"

"लिफ्टची वाट बघतोय," बायको म्हणाली.

"तिकडे तोंड करून बघायची असते लिफ्टची वाट."

त्याने आम्हाला बाकावर बसवले. बाकावरून मी माझाच मजकूर वाचत राहिलो. काय सांगू, वाक्यरचना निर्दोष होती.

चौकशीत रुग्णाची साक्ष घेणार, असा निरोप आला. मी आईच्या पलंगाशी बसलो आणि जपून सुरुवात केली. "आई, ते विचारतील, पलंग बाहेर नेला का. तू म्हण, आठवत नाही. तू तेव्हा बेशुद्धच होतीस, नाही का?"

"मी बेशुद्ध? मी त्या उन्हावर ओवी केली."

"ती तर मुळीच म्हणू नकोस!"

"खोटं बोलायला मला शिकवू नकोस," आई म्हणाली. "लिहिता येतं म्हणून लिहिलंस आणि पोरीचा गळा आवळलास. आता तू गप्प बस. माझं मी बघते." मग बायकोला म्हणाली, "सूनबाई, माझी जाड शाल नको. पातळ दे."

तिने पातळ शाल का मागितली, हे मला तेव्हा सुचले नाही. मसुदे लिहिणाऱ्याला पुढचे सुचत नाही, मागचेच सुचते.

चौकशीची खोली इमारतीच्या मागच्या बाजूला. तिथे ऊन जन्मात येत नसावे. लांब टेबलामागे तिघे होते. मधोमध अध्यक्ष, त्यांच्यासमोर नाडीने बांधलेली फाईल. एका बाजूला लेखापाल, दुसऱ्या बाजूला एक वयस्क डॉक्टर. भिंतीशी मामा उभे, आणि त्यांच्या शेजारी एक बारीक, सावळी, पन्नाशीतली बाई. आईला चाकांच्या खुर्चीतून आत आणले. तिने त्या बाईकडे बघितले आणि मान फिरवली.

"ती कुठाय?" आईने मला विचारले.

"कोण?"

"कुलूप! जिच्यासाठी आलोय ती."

सिस्टर समोरच उभी होती. मास्क नव्हता, इतकेच. आईने तो चेहरा कधी पाहिलेलाच नव्हता. अध्यक्ष म्हणाले, "आजीबाई, याच त्या."

आई बघत राहिली. मग म्हणाली, "तोंड झाक बघू, पोरी."

सिस्टरने एक क्षण वाट पाहिली आणि हाताचा पंजा नाकाखाली धरला. वर नुसते डोळे राहिले. आईचा चेहरा असा उजळला की खोलीत कोणी दिवा लावला असे वाटले. "हां," ती म्हणाली. "आता ओळखलं. अगं, कशी दिसतेस ते आज कळलं. वाळलीस की गं!" सिस्टरचा पंजा तोंडावरच राहिला. तो आता निराळ्या कारणाने तिथे होता.

"आजीबाई," अध्यक्ष खाकरले, "आपण मुद्द्यावर येऊ. तुमचा पलंग..."

"गारठा किती हो इथं," आई म्हणाली.

"लवकर आटपू. तर तुमचा पलंग..."

आईला खोकला आला. मग हात सुरू झाले. टेबलाची कड चाचपत ते फायलीपर्यंत पोचले, नाडीचे टोक सापडले आणि गाठ सोडू लागले. अध्यक्षांनी फाईल मागे ओढली. नाडी आईच्या हातात, फाईल अध्यक्षांच्या. कागद सुटू लागले. "अहो, अहो!" अध्यक्ष म्हणाले. "जोडपत्रं आहेत ती! कोणीतरी ह्यांच्या हाताला काहीतरी द्या!"

लेखापालांनी मान खाली घातली. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग स्वतःच उठून शेजारच्या खोलीतून पट्टीच्या कापडाचा गुंता आणून आईच्या मांडीवर ठेवला. आईचे हात त्यात शिरले आणि निवले. पण खोकला थांबेना. ओठ जरा काळवंडल्यासारखे दिसू लागले. डॉक्टरांनी नाडी बघितली. म्हणजे आईची.

"ही खोली बरोबर नाही," ते म्हणाले. "ह्यांना आधी उन्हात घ्या."

मामा सवयीने पुढे सरसावले. अध्यक्ष ओरडले, "तुम्ही नाही! तुम्ही चौकशीत आहात. चाकांना हात लावायचा नाही." मामा मागे झाले. सिस्टरनेही उचललेला हात खाली घेतला, पण पायांनी तिला अर्धे पाऊल पुढे नेलेच. मी हात पुढे केला तर बायको म्हणाली, "तुम्ही नका. तुम्ही हात लावलात की काहीतरी होतं." मग कोण? आई खोकतेय, सगळे एकमेकांकडे बघतायत. शेवटी अध्यक्षांनी फाईल माझ्या छातीवर आदळली आणि स्वतः खुर्चीची मूठ धरली. लेखापालांनी दार धरले. डॉक्टर शालीचे टोक चाकात जाऊ नये म्हणून धरून चालले. अशी ती वरात, मागोमाग सिस्टर, मामा आणि आम्ही दोघे, दारातून पुढच्या व्हरांड्यात गेली, उन्हाच्या पट्ट्यात जाऊन थांबली.

आईने तोंड वर केले. डोळे मिटले. खोकला एक-दोनदा उमटला आणि विरला. ऊन तिच्या पातळ शालीतून आरपार गेले. अध्यक्ष धापा टाकत होते, त्यांना ढकलण्याची सवय नसावी.

"हं," आई डोळे मिटूनच म्हणाली, "आता विचारा. पलंग उन्हात कोणी नेला?"

अध्यक्षांचा हात अजून मुठीवर होता. त्यांनी तो काढून घेतला. कर्तव्य म्हणून ते म्हणाले, "प्रश्न नेण्याचा नाही, आजी. लेखी परवानगीचा आहे."

"खरंय. परवानगी हवीच," आई म्हणाली. "तुम्ही आत्ता कुणाची घेतलीत?"

डॉक्टर हसले. आधी खोकल्यासारखे, मग उघड. लेखापाल व्हरांड्याच्या छताकडे बघू लागले. आईने डोळे उघडले, भिंतीशी अवघडून उभ्या राहिलेल्या सिस्टरकडे बघितले आणि बोट नाचवले. "साहेब, हिच्याबद्दल माझी तक्रार आहे, ती लिहून घ्या. मेली एवढे दिवस माझ्या उशाशी होती, पण एक शब्द बोलली नाही. कैदाशीण कुठली! लिहा," आणि हातातली पट्टी गुंडाळत तिने दोन ओळी सोडल्या:

*तोंडाला हिच्या कुलूप, हाताला हिच्या किल्ल्या,*
*बोलली नाही शब्द, पण माझ्या गाठी सोडविल्या.*

सिस्टर भिंतीकडे वळली. पाठ हलत होती. मामा टोपीने तोंड पुसत होते. अध्यक्षांनी खिशातून पेन्सिल काढली, काही लिहिण्यासाठी, आणि काय लिहावे ते न सुचून परत ठेवली.

निर्णय यथावकाश आला. सिस्टरला वॉर्ड परत मिळाला. सोबत समज, की यापुढे रुग्णास उन्हात नेण्यापूर्वी विभागातील डॉक्टरांस सांगावे. म्हणजे नेऊ नये, असे कुठेच म्हटले नव्हते. मामा म्हणतात, आता रोज सकाळी कोणाचा ना कोणाचा पलंग व्हरांड्यात असतो.

फ्रेमविषयी वेगळा परिच्छेद होता. मजकुरात 'अनावश्यक तपशील' असल्याने तो सुधारून घ्यावा, सोबत सुधारित प्रत. सुधारित प्रत म्हणजे माझाच मसुदा, आणि त्यावर अध्यक्षांची पेन्सिल. आयुष्यात पहिल्यांदा! पहिला आणि दुसरा परिच्छेद उभ्या रेघेने गेले होते. तिसरा आडव्या. चाके धरली, त्यावर तर दोनदा पेन्सिल फिरली होती. खाली एवढेच उरले होते: आम्ही आभारी आहोत. आणि सही. बायकोने तो कागद वाचला. काही म्हणाली नाही. ही तिची थोरवी, आणि तीच मला जास्त लागली.

आईच्या पुढच्या तपासणीच्या दिवशी आम्ही तिघे वॉर्डाच्या दारात उभे राहिलो. सिस्टर बाहेर आली. मास्क होता, त्यामुळे आईने लांबूनच ओळखले. मी घसा साफ केला. मनात एक छोटेसे, निरुपद्रवी वाक्य तयार ठेवले होते.

"सिस्टर, आम्हाला खरं तर..."

"साहेब," कुलूप उघडले, "लिहू नका म्हणजे झालं."

मग ती आत गेली आणि पट्टीच्या कापडाचा हा एवढा गुंता घेऊन आली. वाटले, आईला देईल. तिने तो माझ्या हातात ठेवला. "आजींचे हात आता बरे आहेत," ती म्हणाली. "तुमचे फार वळवळतात. काही लिहावंसं वाटलं की हे गुंडाळा. वॉर्डाला लागतंच." आणि गेली. एवढे ती एका दमात बोलली म्हणून वॉर्डातल्या पोरी दारातून डोकावून बघत होत्या.

आम्ही व्हरांड्यात बसलो. बायकोने आईचे हात हातात घेऊन हळूच विचारले, "सासूबाई, खरं सांगा. त्या दिवशी खरंच थंडी वाजत होती?"

"हात लावून बघ की," आई म्हणाली.

हात ऊबदार होते. पण उन्हात बसलेल्या हाताला काय विचारणार?

पिशवीतले यंत्र काढून आईने तोंडाशी नेले. पहिली गोळी चढली. दुसरी चढली. तिसरी थरथरली, अर्ध्यावर रेंगाळली, आणि सूर्याकडे बघायला निघाल्यासारखी वर जाऊन टेकली. माझ्या मनात लगेच एक सुंदर वाक्य आले. त्यात तपशील होता.

आईने माझ्या तोंडाकडे बघितले आणि पट्टीचे टोक पुढे केले.

"धर," ती म्हणाली. "घट्ट धर. आणि गप्प बस."